रामनाथ कौसिक यांचे मोल किती सायटेशनचे?

शोधनिबंधाच्या शेवटी दिलेल्या संदर्भसूचीत आधीच्या एखाद्या निबंधाचे नाव आले, की त्या जुन्या निबंधाच्या खात्यावर एक सायटेशन, म्हणजे एक संदर्भोल्लेख, जमा होतो. अशा उल्लेखांची पद्धतशीर सूची करावी ही कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’च्या रूपाने ती अमलात आणली. खगोलशास्त्राकडे यासाठी स्वतःची वेगळी सोय आहे. नासाच्या खर्चाने हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातून चालणारी एडीएस ही सूची १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून उपलब्ध आहे आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. त्यामुळे खगोलभौतिकीच्या संशोधकाचा ‘प्रभाव’ आकड्यात सांगणे हे काही मिनिटांचे काम झाले आहे. या आकड्याला किती मान द्यायचा, यावर मात्र एकमत नाही. खालील संवादात मोजणीचा समर्थक आणि तिच्याविषयी साशंक असलेला अभ्यासक हा प्रश्न एका माणसाच्या कामावर लावून पाहतात. ते काम आहे रामनाथ कौसिक यांचे. १९४० मध्ये नागपुरात जन्मलेले कौसिक टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) वैश्विक किरणांवर संशोधन करू लागले, पुढे बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचे संचालक झाले आणि नंतर सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

समर्थक : मोजणीला नावे ठेवण्याआधी ती नसताना काय चालत होते ते आठवावे लागेल. संशोधकाची पारख तीन गोष्टींवरून व्हायची. गुरू कोण, संस्था कोणती आणि शिफारसपत्र कोणाचे. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या किंवा केंब्रिजहून परतलेल्या माणसाला या तिन्ही गोष्टी आपोआप मिळत. गोंदियाच्या किंवा यवतमाळच्या महाविद्यालयात आठवड्याला सोळा तास शिकवून उरलेल्या वेळात विश्वरचनाशास्त्रावर निबंध लिहिणाऱ्या अध्यापकाला यांतले काहीच मिळत नसे. त्याच्यासाठी पत्र लिहायला दिल्लीत किंवा बंगळुरात कोणी बसलेले नव्हते. सायटेशनला पिनकोड कळत नाही. चिलीतल्या कोणाला निबंध उपयोगी वाटला तर तो उल्लेख करतो, लेखकाची ओळखदेख असो वा नसो. म्हणून ज्याच्या मागे कोणी नाही त्याच्या दृष्टीने ही मोजणी न्यायाची आहे.

आता कौसिकांचे उदाहरण घेऊ. १९७२ मध्ये बर्कलीला असताना त्यांनी जे. मॅक्लेलंड यांच्याबरोबर ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये एक छोटा निबंध लिहिला. युक्तिवाद असा होता : महास्फोटानंतर विश्वात न्यूट्रिनोंचा प्रचंड साठा शिल्लक राहिलेला असणार, दर घनसेंटिमीटरला शेकड्यांनी. न्यूट्रिनोला थोडे जरी वस्तुमान असले तरी एवढ्या सगळ्यांचे गुरुत्वाकर्षण विश्वाच्या प्रसरणाला लगाम घालील. प्रसरण तर तेवढे मंदावलेले दिसत नाही. तेव्हा न्यूट्रिनोचे वस्तुमान ८ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या सुमारे ६४ हजाराव्या भागापेक्षा, कमीच असले पाहिजे. प्रयोगशाळेत ज्या कणाला नीट पकडताही येत नाही त्याचे वस्तुमान आकाशाकडे पाहून बांधता येते, हे या निबंधाने दाखवले. पुढच्याच वर्षी त्याच दोघांनी सुचवले की दीर्घिकांच्या समूहांत जे वस्तुमान दिसत नाही पण ज्याचे गुरुत्वाकर्षण जाणवते, ते अशा न्यूट्रिनोंचे असू शकेल. हे दोन निबंध पन्नास वर्षे उल्लेखले जात आहेत. कोणत्याही समितीने न सांगता, जगभरच्या अनोळखी माणसांनी दिलेली ही पावती आहे.

साशंक : पावती आहे हे मान्य, पण कशाची? उल्लेख करणाऱ्याने काय म्हटले हे सूचीत येत नाही. ‘या पद्धतीवर आमचे काम उभे आहे’ असे म्हणणारा एक, ‘हा अंदाज आता मागे पडला आहे’ असे म्हणणारा दुसरा, आणि प्रस्तावनेत दहा नावांच्या रांगेत एक नाव टाकून पुढे जाणारा तिसरा. बेरजेत तिघेही सारखेच.

तुम्ही सांगितलेल्या निबंधाचाच इतिहास पुढे नेऊ. न्यूट्रिनोच्या वस्तुमानाला विश्वरचनेतून मर्यादा घालण्याचा विचार गेर्श्टाइन आणि झेल्दोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच मांडला होता. त्यांची मर्यादा ४०० इलेक्ट्रॉन-व्होल्टची होती, म्हणजे बरीच सैल, पण कल्पना तीच. आज काही लेखक या मर्यादेला कौसिक-मॅक्लेलंड यांचे नाव देतात, काही गेर्श्टाइन-झेल्दोविच यांचे, काही दोन्ही जोड्या लिहितात. म्हणजे एकाच कल्पनेचे श्रेय दोन खात्यांवर जमा होते, आणि कोणाच्या खात्यावर किती, हे लेखकाने कोणते पाठ्यपुस्तक वाचले यावर ठरते. शिवाय ८ हा आकडाही टिकला नाही. सुरुवातीच्या विश्वात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन नष्ट होताना प्रारणाला जी ऊर्जा मिळाली, तिच्यामुळे न्यूट्रिनोंची संख्या प्रकाशकणांच्या मानाने कमी पडते. न्यूट्रिनोच्या प्रकारांची मोजणीही नंतर सुधारली गेली. आता यातला कोणता उल्लेख कल्पनेसाठी झाला, कोणता आकड्यासाठी आणि कोणता दुरुस्तीसाठी?

त्याहून गमतीची गोष्ट १९८० सालची. मॉस्कोतल्या एका गटाने ट्रिटियमच्या प्रयोगावरून जाहीर केले की न्यूट्रिनोचे वस्तुमान १४ ते ४६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दरम्यान आहे. एकदम सगळ्या विश्वरचनाशास्त्रज्ञांना न्यूट्रिनोंत रस वाटू लागला, कारण अदृश्य वस्तुमानाचे कोडे सुटल्यासारखे दिसत होते. अशा वेळी या विषयावरच्या मूळ निबंधांना तेजी येते. तो प्रयोग पुढे चुकीचा ठरला, आणि वेगाने धावणाऱ्या न्यूट्रिनोंनी भरलेल्या विश्वात दीर्घिका वेळेवर तयारच होत नाहीत हेही १९८० च्या दशकातल्या संगणकीय प्रतिरूपांनी दाखवले. एका चुकीच्या प्रयोगामुळे जुन्या निबंधाचा भाव वाढत असेल, तर त्या वाढीला शास्त्रज्ञाचे कर्तृत्व म्हणायचे का?

समर्थक : सायटेशन सत्य मोजते असा दावा कोणीही जाणता माणूस करत नाही. ती उपयोग मोजते. मॉस्कोचा प्रयोग चुकला, पण त्या प्रयोगाचा अर्थ लावायला ज्यांना आकडेमोड करावी लागली त्यांना कौसिकांचे गणित हाताशी लागले, ही उपयुक्तताच आहे. ८ हा आकडा गेला, पद्धत राहिली. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगाने न्यूट्रिनोला वस्तुमान आहे हे दाखवले आणि २०१५ चे नोबेल त्यासाठी मिळाले. ते वस्तुमान किती, याची सगळ्यात कडक मर्यादा आजही विश्वाच्या निरीक्षणांतूनच येते. प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या विश्लेषणाने तिन्ही प्रकारच्या न्यूट्रिनोंची बेरीज ०.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आत आणली. कार्लस्रूहेच्या कॅट्रिन प्रयोगाला एवढे मोठे यंत्र उभारून अजून तिथपर्यंत पोहोचता आलेले नाही. ज्या वाटेने प्लांकचे लोक गेले ती वाट पाडणाऱ्यांत नागपूरचा माणूस होता, हे आकड्यातून नाही तर कशातून कळणार?

साशंक : आकड्यातून नेमके तेच कळत नाही. वाट रुळली की ती पाडणाऱ्याचे नाव लागत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही गोष्ट फार पूर्वी नोंदवली : एखादी कल्पना शास्त्रात इतकी मुरते की तिच्या मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. चंद्रशेखर मर्यादा हा शब्द रोज कुठेतरी छापला जातो, पण १९३१ चा मूळ निबंध त्या प्रत्येक सूचीत असतो का? चंद्रशेखरांचा सर्वांत जास्त उल्लेखला गेलेला निबंध तो नाहीच. तो मान यादृच्छिक प्रक्रियांवरच्या १९४३ च्या लेखाकडे जातो, कारण रसायनशास्त्रज्ञांपासून जीवशास्त्रज्ञांपर्यंत सगळ्यांना ते गणित लागते. म्हणजे ज्या कामासाठी जग त्यांना ओळखते ते एक, आणि जे मोजणीत वर येते ते वेगळे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ग्रंथालयातील अभ्यासकांना हा घोटाळा चांगला ठाऊक होता. त्यांनी रामन, चंद्रशेखर अशा शास्त्रज्ञांच्या लेखनाचे मोजणीवर आधारलेले आलेख तर तयार केलेच, पण भाभांच्या बाबतीत त्यांचे नाव मजकुरात येते आणि संदर्भसूचीत येत नाही अशा जागा वेगळ्या शोधल्या. हे कष्टाचे काम आहे. बटण दाबून होत नाही.

आणि मुळात जे सूचीच्या कडेला पडते त्याचे काय? कौसिकांनी १९७० च्या दशकात विल्सन यांच्याबरोबर वैश्विक किरणांच्या प्रवासाचे एक प्रारूप मांडले. किरणांचा उगम जिथे होतो त्या जागेभोवती एक कोष असतो, त्यातून ते ऊर्जेनुसार कमी-जास्त वेगाने गळतात, आणि मग दीर्घिकेच्या मोठ्या पेटीत शिरतात, अशी ती पेटीत पेटीची कल्पना. ती १९७३ मध्ये डेन्व्हरच्या आणि १९७५ मध्ये म्युनिकच्या वैश्विक किरण परिषदांच्या वृत्तांतात छापली गेली. नियतकालिकांवर चालणाऱ्या सूचींत परिषदांचे असे जाडजूड खंड अर्धवट येतात किंवा येतच नाहीत. पस्तीस वर्षांनी, पामेला या उपग्रहावरील उपकरणाने वैश्विक किरणांत अपेक्षेपेक्षा जास्त पॉझिट्रॉन पाहिले तेव्हा अनेकांनी हे कृष्णद्रव्याच्या कणांचे अवशेष असावेत म्हणून निबंधांचा पाऊस पाडला. कौसिकांनी २०१० मध्ये जुनेच प्रारूप काढून दाखवले की कृष्णद्रव्याशिवायही हे जुळवता येते. ते बरोबर की चूक हा वाद वेगळा आहे, आणि पल्सारना श्रेय देणारेही बरेच आहेत. पण बहुसंख्य लोक ज्या दिशेने धावत आहेत त्या दिशेचे निबंध एकमेकांचे उल्लेख करून फुगतात आणि उलट्या बाजूने उभ्या असलेल्याचा आकडा लहान राहतो, हे तर उघड आहे.

समर्थक : यातल्या निम्म्या तक्रारी जुन्या साधनांच्या आहेत. एडीएसमध्ये परिषदांचे वृत्तांत बऱ्याच प्रमाणात येतात, खगोलशास्त्राला तो फायदा आहेच. स्वतःचेच उल्लेख वगळता येतात. एकाच आडनावाची शंभर माणसे असतील तर प्रत्येक संशोधकाला वेगळा ओळखणारा ऑर्किड क्रमांक आहे. या बाबतीत इंग्रजीत ‘कुलकर्णी’ किंवा ‘पाटील’ लिहिणाऱ्यांपेक्षा कौसिकांचे काम सोपे आहे, कारण ‘सी’पासून सुरू होणारे त्यांचे स्पेलिंग फारसे कोणी वापरत नाही. पेपे आणि कुर्ट्झ यांनी २०१२ मध्ये ‘टोरी’ नावाचा निर्देशांक सुचवला. त्यात उल्लेखाचे मोल उल्लेखलेल्या निबंधाच्या लेखकांच्या संख्येने भागायचे, आणि उल्लेख करणाऱ्या निबंधात किती संदर्भ आहेत त्यानेही भागायचे. मग शंभर संदर्भांच्या रांगेत आलेले नाव आणि दहा संदर्भांत आलेले नाव सारखे धरले जात नाही. तुमचा प्रवाहाविरुद्ध उभ्या असलेल्या माणसाबद्दलचा मुद्दा खरा आहे, पण मोजणी काढून टाकली तर त्याला कोण वाचवणार आहे? समितीत बसलेलेही त्याच बहुसंख्येतले असतात. निदान आकडा छापील असतो, त्यावर वाद घालता येतो. बंद खोलीत ‘आम्हाला तो पटत नाही’ असे म्हटले गेले तर त्यावर दाद कुठे मागायची?

साशंक : आकडा वादासाठी वापरला जात असता तर मीही त्याच्या बाजूने बोललो असतो. तो वाद संपवायला वापरला जातो. हिर्श यांचा एच-निर्देशांक घ्या. २००५ मध्ये आला आणि दोन-तीन वर्षांत जगभरच्या अर्जांच्या पहिल्या पानावर जाऊन बसला. ज्या संख्येइतके निबंध किमान तितक्याच वेळा उल्लेखले गेले आहेत, अशी सर्वांत मोठी संख्या म्हणजे त्या संशोधकाची एच. समजा एकाचे पाच निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख ९००, ३००, ३, १ आणि ०. त्याची एच ३. दुसऱ्याचे सहा निबंध आहेत, प्रत्येकी सहा उल्लेखांचे. त्याची एच ६. अर्जाच्या रकान्यात दुसरा पहिल्याच्या दुप्पट दिसतो. पुढे खुद्द हिर्श यांनीच या निर्देशांकाचे वाईट परिणाम होऊ शकतात असे लिहिले, पण तोवर तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता.

नकार देणाऱ्या कामाचे तर आणखीनच हाल आहेत. १९८६ मध्ये फिशबाख आणि सहकाऱ्यांनी एका नव्या ‘पाचव्या बला’चे संकेत मिळाल्याचे जाहीर केले. बातमी मोठी होती. कौसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या गौरीबिदनूरच्या भूमिगत प्रयोगशाळेत पीळतराजूवर महिनोन्‌महिने मोजमापे घेतली आणि १९८८ मध्ये सांगितले की अणुकेंद्रातल्या न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या प्रमाणावर अवलंबून असणारे असे बल या मर्यादेपर्यंत सापडत नाही. असा प्रयोग करायला जे कौशल्य लागते ते भल्याभल्यांना झेपत नाही. वाऱ्याची झुळूक, तापमानातला किंचित फरक, दूरवरून जाणाऱ्या वाहनाचा कंप, सगळे बाजूला ठेवून ‘काही नाही’ हे खात्रीने म्हणायचे असते. त्या ‘काही नाही’वर पुढच्यांना नवी इमारत बांधायची नसते, म्हणून उल्लेख थोडे.

२०११ च्या सप्टेंबरात तर याची जाहीर प्रचिती आली. ऑपेरा प्रयोगाने सांगितले की सर्नहून ७३० किलोमीटर दूर ग्रान सासोला जाणारे न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात. काही महिन्यांत त्यावर शेकडो निबंध आले, प्रत्येकाच्या सूचीत ऑपेरा. कौसिकांनी नुसिनोव आणि सरकार यांच्याबरोबर त्याच वर्षी दाखवून दिले की न्यूट्रिनो खरोखर एवढे वेगवान असते, तर त्यांना जन्म देणाऱ्या पायॉनच्या क्षयाचे गणितच बिघडले असते आणि तेवढ्या ऊर्जेचे न्यूट्रिनो मिळालेच नसते. २०१२ मध्ये कारण सापडले : एक ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट बसलेली नव्हती. आता ढिल्या जोडणीचा निबंध आणि ती बातमी खरी असू शकत नाही हे तर्काने सांगणारा निबंध, यांत जास्त उल्लेख कोणाचे, हे विचारण्याची गरज आहे का?

समर्थक : ऑपेराचे उदाहरण मोजणीच्या विरोधात जात नाही, कच्च्या बेरजेच्या विरोधात जाते. तो निबंध प्रभावी होताच. त्याने शेकडो लोकांना सापेक्षतेच्या पायाकडे पुन्हा पाहायला लावले. प्रभाव चांगला की वाईट हा पुढचा प्रश्न. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कौसिकांनी ज्या कामात कदाचित सगळ्यात जास्त वर्षे घातली ते सूचीत मुळी येतच नाही. १९९२ ते २००३ या काळात ते भारतीय ताराभौतिकी संस्थेचे संचालक होते. लडाखमधल्या हान्लेला, समुद्रसपाटीपासून ४५०० मीटर उंचीवर, दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण त्या काळात उभी राहिली. जागा शोधणे, तिथे वीज नेणे, थंडीत चालणारी यंत्रणा उभारणे, आणि दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवणे. या दुर्बिणीच्या निरीक्षणांवर लिहिलेल्या निबंधात तिचे नाव आभाराच्या परिच्छेदात येते, आणि आभार सूचीत मोजले जात नाहीत. खोडदच्या जीएमआरटी या दुर्बिणीने यातून निदान एक पळवाट काढली. गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्या दुर्बिणीचे वर्णन लिहून ठेवले, आणि दुर्बीण वापरणारे त्याचा उल्लेख करतात. पण त्या निबंधावर ज्यांचे नाव नाही त्या तारतंत्रींना, वेल्डरना, जोडारींना त्यातले काय मिळते?

साशंक : हे तुम्हीच म्हणालात ते बरे झाले. आता नागपूर-अमरावतीकडे येऊ, कारण आकड्याचा खरा ताप तिथे आहे. विदर्भातल्या गणित विभागांत सापेक्षतेवर काम करण्याची जुनी परंपरा आहे. त्याला दुर्बीण लागत नाही, महागडा प्रयोग लागत नाही. आइन्स्टाइनची समीकरणे, बियांकी प्रकारची विश्वप्रारूपे, कागद आणि चिकाटी एवढ्यावर काम चालते. पण क्षेत्र लहान असले की मंडळ लहान होते. वीस-पंचवीस माणसे एकमेकांचे निबंध वाचतात, एकमेकांचे उल्लेख करतात, आणि प्रत्येकाचा आकडा वाढतो. यात लबाडी असेलच असे नाही. कोणी त्या विषयावर लिहीतच नसेल तर दुसऱ्या कोणाचा उल्लेख करणार? पण बाहेरून पाहणाऱ्या समितीला हे मंडळ आणि जगभर पसरलेला वाचकवर्ग यांतला फरक आकड्यात दिसत नाही. याउलट, प्रह्लाद चुनीलाल वैद्य कोल्हापूरच्या विष्णू वासुदेव नारळीकरांकडे बनारसला गेले आणि १९४३ मध्ये प्रारण सोडणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचे समीकरण त्यांनी सोडवले, तेव्हा ते कोणाला हवे होते? वीस वर्षांनी क्वेसार सापडले, ताऱ्यांच्या अवपाताचा प्रश्न पेटला, तेव्हा जगाला वैद्यांची आठवण झाली. त्याही कामाला प्रयोग लागला नव्हता, फक्त कागद लागला होता. १९५० साली वैद्यांचा आकडा पाहिला असता तर काय दिसले असते?

समर्थक : मंडळाचा प्रश्न मोजणीनेच सुटतो. कोण कोणाचा उल्लेख करतो याचा नकाशा काढला की एकाच गटात फिरणारे उल्लेख लगेच दिसतात. बेरजेऐवजी नकाशा पाहा. वैद्यांच्या बाबतीत मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

पण तुम्ही ज्याला आकड्याचा ताप म्हणता, तो बऱ्याच अंशी सायटेशनचा नाहीच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतल्या गुणांच्या तक्त्यात निबंधाचे किती उल्लेख झाले याला स्थान नाही. तिथे नियतकालिकाचा प्रभावांक आहे, म्हणजे त्या नियतकालिकातल्या मागच्या दोन वर्षांच्या निबंधांना मिळालेल्या उल्लेखांची सरासरी. प्रभावांक ५ ते १० असेल तर २५ गुण, प्रभावांक नसेल तर ५. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. आता २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधाचा जो निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला त्यावर हजाराच्या वर नावे आहेत. या नियमाने मुख्य लेखक सोडून त्यातल्या प्रत्येकाला साडेसात गुण मिळतात, म्हणजे पंचवीस गुणांच्या निबंधाचे साडेसात हजार गुण होतात. आणि ज्याने एकट्याने, प्रभावांक नसलेल्या पण तज्ज्ञांकडून तपासल्या जाणाऱ्या नियतकालिकात निबंध लिहिला त्याला पाच. कौसिक आणि मॅक्लेलंड यांचा १९७२ चा निबंध आजच्या तक्त्यात बसवला तर दोघांना साडेसतरा-साडेसतरा. तो पुढे पन्नास वर्षे वाचला गेला काय आणि कोणी उघडला नाही काय, गुण तेवढेच. त्याच २०१८ च्या अखेरीस बनावट नियतकालिकांना आळा घालायला आयोगाने ‘केअर’ यादी आणली आणि २०२५ मध्ये ती गुंडाळली. एवढ्या खटाटोपात निबंध वाचायला कोणी सांगितलेले नाही. या तक्त्याच्या तुलनेत सायटेशन कितीतरी बरी. ती निदान त्या निबंधाची असते, शेजाऱ्याची नसते.

साशंक : वाईट तक्त्यापेक्षा बरी, हे कबूल. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नियतकालिकाचा आकडा माणसाला लावू नका असे सांगितले आणि २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने आकडा तज्ज्ञांच्या निवाड्याला पूरक असावा असे सांगितले. कागदावर दोन्ही बरोबर आहेत. पण माझी अडचण त्याच्या पुढची आहे. सायटेशनचा निकाल वीस-तीस वर्षांनी लागतो. पदोन्नतीची मुलाखत पाचव्या वर्षी असते. १९७२ चा निबंध हातात घेऊन १९७७ मध्ये बसलेल्या समितीला १९८० ची मॉस्कोची बातमी, १९९८ चा जपानी प्रयोग, प्लांक, यांतले काहीच माहीत नसते. आकडा ज्या वेळी भरवशाचा होतो त्या वेळी त्याची गरज संपलेली असते, कारण तोवर त्या माणसाला सगळे ओळखत असतात. ज्याला अजून कोणी ओळखत नाही त्याच्यासाठी तुम्ही आकडा आणलात, आणि त्याच्याच बाबतीत तो सगळ्यात कच्चा आहे.

समर्थक : आणि त्याच वेळी त्याच्याकडे दुसरे काहीही नसते, हे तुम्ही विसरता. शिफारसपत्र पाचव्या वर्षी कच्चे नसते का? मुलाखतीतली पंचवीस मिनिटे पक्की असतात का? मधला मार्ग एकच दिसतो. उमेदवाराने स्वतःचे तीन निबंध निवडावेत आणि प्रत्येकाखाली इतर कोणी तो कशासाठी वापरला हे सांगणारी दोन-तीन वाक्ये, त्या निबंधांतून जशीच्या तशी उतरवून, द्यावीत. बेरीज नको. तो उल्लेख पाया म्हणून होता, दुरुस्ती म्हणून होता की नुसता रांगेतला होता, हे समितीला त्या वाक्यांवरून पाच मिनिटांत कळेल. ज्याने दुर्बीण उभारली त्याने आभाराचे परिच्छेद उतरवावेत.

साशंक : ज्याच्या निबंधाचा अजून कोणी उल्लेखच केला नाही तो काय उतरवणार? वैद्यांनी १९४८ मध्ये काय उतरवले असते? आणि एका दिवसात चाळीस फाइली पाहणारी समिती ती वाक्ये वाचणार, यावर माझा विश्वास नाही.

समर्थक : माझाही पुरता नाही. ज्याच्याकडे उतरवायला काही नसेल त्याचा निबंधच वाचावा लागेल, त्याला तोडगा नाही. म्हणून विद्यापीठांनी चाळीस फाइलींचे दिवस बंद करावेत, एका दिवशी पाच उमेदवारांपेक्षा जास्त घेऊ नयेत, आणि समितीतल्या निदान एकाने प्रत्येक उमेदवाराचा एक निबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आहे असे सहीनिशी लिहून द्यावे. नागपुरातून याची सुरुवात व्हायला हरकत नाही.